कॉम्बिनेटोरिक्सचा अभ्यास करताय? मोजणीतल्या या चुका टाळा

एम.एस्सी.ला कॉम्बिनेटोरिक्स (रचना किती प्रकारे होतात हे मोजण्याचं गणित) घेतलेल्यांचं उत्तर सूत्रामुळे क्वचितच चुकतं. काय सारखं आणि काय वेगळं, हे न ठरवता मोजायला बसल्यामुळे चुकतं. निफाडहून द्राक्षांच्या १० पेट्या ३ ट्रकांत चढवायच्या आहेत. एखादा ट्रक रिकामा राहिला तरी चालेल. पेट्या आणि ट्रक दोन्ही वेगवेगळे असतील तर ५९,०४९ प्रकार. पेट्या सारख्या, ट्रक वेगळे, तर ६६.

आता ट्रकही सारखे धरा. इथे ३! म्हणजे ६ ने भागण्याचा मोह होतो. वेगवेगळ्या पेट्यांत ९,८४१.५ येतं, म्हणून गफलत लगेच कळते. सगळ्या पेट्या एकाच ट्रकात गेल्या की उरलेल्या दोन रिकाम्या ट्रकांची अदलाबदल करूनही काही बदलत नाही. त्यामुळे ट्रकांच्या अदलाबदलीतून एकमेकांत बदलणाऱ्या रचनांचा तो गट ६ चा नसून ३ चाच असतो आणि खरं उत्तर ९,८४२ येतं.

सारख्या पेट्यांत धोका जास्त. ६६ ला ६ ने भागलं की ११ येतात. पूर्णांक दिसतो, शंका येत नाही, पण उत्तर १४ आहे. इथे बर्नसाइडचा लेमा लावा, म्हणजे प्रत्येक अदलाबदलीत किती रचना तशाच राहतात त्याची सरासरी काढा: काहीच न हलवता ६६ रचना तशाच राहतात, दोन ट्रकांच्या तीन अदलाबदलींत प्रत्येकी ६, आणि तिन्ही ट्रक फिरवले तर एकही नाही. (६६ + १८) ÷ ६ = १४. प्रत्येक गट एकाच आकाराचा आहे याची खात्री झाल्याशिवाय भागू नका.

जनरेटिंग फंक्शनमध्येही (मोजणीची उत्तरं सहगुणक म्हणून ठेवणारी घातमालिका) हाच घोळ होतो. पेट्यांवर क्रमांक असतील तर एक्स्पोनेन्शियल (xⁿ ला n! ने भागलेली), नसतील तर ऑर्डिनरी (साधी).

पहिल्या काही पदांवरून सूत्र गृहीत धरू नका. वर्तुळावरचे बिंदू एकमेकांना जोडले (आत तीन जीवा एका बिंदूत मिळत नसतील) तर एक ते पाच बिंदूंना वर्तुळाचे १, २, ४, ८, १६ भाग होतात, पण सहा बिंदूंना ३१.

बायजेक्शन (दोन संचांतली एकास एक जोडणी) लिहिताना उलटी वाटही लिहा. ती नसेल तर काही रचना दोनदा मोजल्या गेल्या की सुटल्या, हे कळत नाही.

देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या गणितज्ञ द. रा. कापरेकरांचा ६१७४ हा आकडा (सगळे अंक सारखे नसलेल्या चार अंकी संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करत गेलं की शेवटी हाच येतो) आजही कोणीही कागदावर पडताळू शकतो. तीच सवय इथे लावा. १० ऐवजी ३ सारख्या पेट्या घेतल्या असत्या, तर वेगळ्या ट्रकांत १० प्रकार आले असते आणि १० ÷ ६ वरच अडलो असतो; आणि ३, २+१, १+१+१ असं लिहिलं की उत्तर ३ हे समोरच दिसतं.