भंडारदऱ्याला टेंट टाकायचाय? आधी पाणी बघा, मग तारीख ठरवा

गणपती गेले की आमच्या नाशिकच्या इंदिरानगरात दोन-तीन घरांतून हमखास विचारणा होते, भंडारदऱ्याला पाण्याकाठी टेंटमध्ये राहायचंय, धबधबे पण बघायचेत, पोरं पण बरोबर आहेत, कसं करायचं सांग ना. मी बरीच वर्षं जातोय तिकडे, कधी मित्रांबरोबर कधी घरच्यांबरोबर, म्हणून सगळं एकदाच नीट लिहून ठेवतोय.

लोक आधी सुट्टी बघतात, मग बुकिंग करतात आणि तिथे गेल्यावर विचारतात की धबधबा कुठाय. हे उलटं करा, आधी पाण्याचा हिशोब समजून घ्या. आपण ज्याला आर्थर लेक म्हणतो ते आपोआप झालेलं तळं नाही, प्रवरा नदी अडवून बांधलेल्या धरणाचं पाणी आहे ते. या धरणाचं, म्हणजे विल्सन डॅमचं काम १९१० ला सुरू झालं आणि १९२६ मध्ये संपलं, उंची ८२ मीटर, आणि पोटात साधारण ११ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं. ते पाणी खाली अकोले, संगमनेरकडच्या शेतीला आवर्तनाने, म्हणजे पाळीपाळीने सोडतात, त्यामुळे काठ एका जागी राहतच नाही. सप्टेंबरात गवताला टेकलेलं पाणी मे महिन्यात खूप खाली गेलेलं असतं आणि मधे नुसता चिखल नाहीतर भेगाळलेली जमीन. कुणाच्या फोटोत टेंटच्या दारात पाणी दिसलं तर तो फोटो कुठल्या महिन्यातला हे आधी विचारा.

धबधब्यांचं पण तसंच. रतनवाडी, साम्रद या गावांच्या बाजूला कड्यांवरून जे धबधबे पडतात, नेकलेस फॉल, नान्ही फॉल वगैरे, ते सगळे पावसावर, पाऊस थांबला की दोन-तीन आठवड्यांत बारीक होत होत दसरा-दिवाळीपर्यंत संपतात. अंब्रेला फॉल धरणाच्या पायथ्याशी आहे, धरणातून पाणी सोडलं की गोल खडकावरून छत्रीसारखं पसरतं, म्हणजे तो पावसापेक्षा धरणावर चालतो. आणि रंधा धबधबा, धरणाजवळच्या शेंडी गावापासून राजूर रस्त्याला दहाएक किलोमीटरवर, तिथे प्रवरा सुमारे १७० फूट खाली उडी घेते, तो पावसाळ्यातच खरा दिसतो कारण एरवी पाणी वीज तयार करायला वळवलेलं असतं. जानेवारीत जाऊन रंधा बघायचा म्हटलं तर कोरडा काळा कडा बघून परत यावं लागतं.

आता यावरून तारीख काढा. जुलै-ऑगस्टमध्ये धबधबे जोरात असतात पण टेंटचं नाव काढू नका, घाटघरला नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात ते उगाच नाही. तिथला पाऊस आडवा येतो, टेंट काय छत्री पण टिकत नाही. पावसात जायचं तर शेंडीत रूम घ्या आणि दिवसा फिरा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी टेंटसाठी उत्तम, थंडी, स्वच्छ आकाश, चांदण्या, पण धबधबे नाहीत. दोन्ही एकत्र हवं असेल तर एकच खिडकी आहे, साधारण सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा ते ऑक्टोबरची सुरुवात. धरण बहुतेक वर्षी तोपर्यंत भरलेलं असतं, कड्यांवर पाणी टिकून असतं, उतारांवर सोनकी पिवळीधम्मक फुललेली असते. त्यातही पितृपक्षाचा आठवडा मिळाला तर बघाच, लोक त्या दिवसांत फिरायला निघत नाहीत त्यामुळे गर्दी कमी. नवरात्रात कळसूबाईच्या दर्शनाला गर्दी असते, बारी गावाजवळ गाड्यांची रांग लागते, ते धरून निघा.

काजव्यांसाठी मे अखेर ते पाऊस पडेपर्यंत जातात लोक, ती वेगळी ट्रिप आहे आणि तिचे नियम पण वेगळे. एकच सांगतो, काजव्यांच्या झाडावर टॉर्च किंवा गाडीचे हेडलाइट मारू नका, चमकूनच ते एकमेकांना शोधतात.

जागा कशी निवडायची, हे मी सगळ्यात जास्त सांगेन कारण यातच लोक फसतात. पाण्याच्या एका अंगाला शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, पुढे घाटघर, साम्रद आणि मग रतनवाडी, कोलटेंभे, मुतखेल करत परत शेंडी असा पूर्ण रिंग रोड आहे, चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरचा. मुरशेत, पांजरेकडे कॅम्पवाले जास्त आहेत, सूर्यास्त छान दिसतो, पण लाँग वीकेंडला आवाज पण जास्त. रतनवाडीकडे शांत, पण फोनला रेंज नीट येत नाही. लहान पोरं, म्हातारी माणसं असतील तर शेंडीच्या जवळच राहा, रात्री काही लागलं तर रस्ता सोपा.

सप्टेंबरात सपाट जागा दिसली म्हणून खुश होऊ नका, ती बहुतेक भाताची खाचरं असतात आणि त्यात पीक उभं असतं. भात निघाला की, म्हणजे दिवाळीच्या पुढे, तीच खाचरं टेंटसाठी मोकळी होतात, पण तेव्हाही मालकाला विचारूनच. आणि खाचर हे पाणी साठायलाच केलेलं असतं हे विसरू नका. आम्ही एकदा ऑक्टोबरात एका रिकाम्या खाचरात बांधाच्या आडोशाला टेंट लावला, वारा लागत नाही म्हणून फार भारी जागा वाटली, आणि रात्री दीडच्या सुमाराला परतीचा पाऊस आला, वीस मिनिटांत आत घोट्याएवढं पाणी, पोरं रडायला लागली, सगळी अंथरुणं भिजली. वरच्या घरातले एक आजोबा कंदील घेऊन खाली आले आणि काही न बोलता पोराला कडेवर घेऊन वर चालायला लागले. त्या रात्री आम्ही नऊ माणसं त्यांच्या पडवीत झोपलो, आजींनी पहाटे चहा केला, पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून मी टेंट एखाद्या घराच्या हाकेच्या अंतरावर आणि पाण्यापासून वर, मुरमाड उतारावरच लावतो, दिसायला कितीही कमी भारी असलं तरी.

मुरमात टेंटबरोबर येणारे अॅल्युमिनियमचे खिळे वाकतात, म्हणून घरून लोखंडी जाड खिळे आणि हातोडी न्या. खाली ताडपत्री अंथरा पण तिची कड टेंटच्या बाहेर येऊ देऊ नका, नाहीतर वरून गळणारं पाणी तीच आत घेऊन येते. वारा बहुतेक घाटाच्या बाजूने, पश्चिमेकडून येतो, दार त्याच्या उलट्या दिशेला ठेवा. थंडीत सगळ्या चेन घट्ट लावून झोपलात तर सकाळी आतून पाणी टपकतं आणि लोक म्हणतात टेंट गळका, तो आपल्याच श्वासाचा दमटपणा असतो, वरची जाळी थोडी उघडी ठेवा. आणि थंडी कितीही असू दे, शेगडी किंवा निखाऱ्याचं घमेलं टेंटच्या आत अजिबात नाही. त्याच्या वायूला वास येत नाही, माणूस झोपेतच जातो. यावर मी कुणाचंही ऐकत नाही.

रस्ता सोपा आहे. पाथर्डी फाट्यावरून मुंबई हायवेने विल्होळी, वाडीवऱ्हे करत घोटी, आणि घोटीतून डावीकडे बारीमार्गे शेंडी, सगळं मिळून सत्तरएक किलोमीटर. हायवेचा अर्धा भाग पटकन होतो, घोटीनंतर रस्ता अरुंद आणि पावसानंतर खड्डे, म्हणून दोन-सव्वादोन तास धरा. पेट्रोल, कॅश, औषधं, पोरांचं दूध, जे काय असेल ते घोटीतच उरका, पुढे यूपीआय चालेलच याची खात्री धरू नका. तांदूळ पण तिथूनच घ्या, इंद्रायणी चांगला मिळतो. वनविभागाच्या नाक्यावर प्रवेश शुल्क भरून पावती जपून ठेवा, हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, म्हणजे दारू, डीजे, फटाके, जंगलातलं लाकूड तोडणं काही चालत नाही, आणि चालू पण नये.

शनिवारी घरून दुपारी एकच्या आत निघा. उशिरा निघालं की अंधारात टेंट लावावा लागतो आणि तिथूनच चिडचिड सुरू होते. चारपर्यंत पोचून टेंट, मग चहा, मग सूर्य बुडेपर्यंत काही करू नका, नुसतं काठावर बसा. रविवारी सहाला उठून रिंग रोडला लागा, धुकं असतं, गाड्या नसतात. आधी घाटघरचा कोकणकडा, मग साम्रदवरून रतनवाडी. तिथलं अमृतेश्वराचं मंदिर घाईत बघू नका, काळ्या दगडातलं कोरीव काम आहे, बाहेरची पुष्करणी पण बघा, आणि मागे जो रतनगड दिसतो तिथेच प्रवरेचा उगम. सांदण दरी साम्रदजवळच आहे पण पाण्याच्या दिवसांत त्यात उतरायचं नाही, ती डिसेंबरनंतरची गोष्ट. कळसूबाई याच ट्रिपमध्ये कोंबू नका, १६४६ मीटर उंचीचं शिखर आहे, त्याला वेगळा दिवस द्या. शेंडीत जेवून अंब्रेला फॉल, मग रंधा. रंध्याला घोरपडादेवीचं दर्शन घ्या आणि धबधबा कठड्याच्या आतूनच बघा.

पाण्याबद्दल कडक बोलतो, राग मानू नका. धरणाच्या पाण्यात पोहायला उतरू नका, येत असलं तरी. वरून शांत दिसतं पण काठ एकदम खोल जातो, तळाला गाळ, पाय रुतला की सुटत नाही, आणि थंड पाण्यात पट्टीच्या पोहणाऱ्याला पण गोळे येतात. धबधब्याखाली उभं राहायचं असेल तर रस्त्याकडेचे छोटे झरे भरपूर आहेत. ओढ्याचं पाणी गढूळ झालं, त्यात पालापाचोळा यायला लागला की वर पाऊस झालाय समजा आणि सामान सोडून लगेच वर या. आपल्याकडे त्र्यंबकजवळ दुगारवाडीला २०२२ च्या ऑगस्टमध्ये असंच पाणी वाढून पर्यटक अडकले होते, लांबची गोष्ट नाहीये ही.

जेवण गावातल्या घरातच सांगा. आदल्या दिवशी फोन करून किती माणसं ते कळवा, नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा, भात, गावरान कोंबडी, असं जेवण शहरात पैसे देऊन मिळत नाही. टेंट, जेवण, नाश्ता धरून माणशी हजार-दीड हजारच्या आसपास जातात, त्यात फार घासाघीस करू नका, वर्षातले थोडेच महिने हा धंदा चालतो त्यांचा. शेकोटीचं लाकूड पण त्यांच्याकडूनच विकत घ्या, घमेल्यात पेटवा आणि झोपण्याआधी पाणी ओतून विझवा, हिवाळ्यानंतर गवत वाळलेलं असतं, एका ठिणगीने वणवा लागतो.

बॅगेत माणशी एक टॉर्च, जाड चादर, डासांचं मलम, सुके कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून, ओआरएस, आणि पूर्ण बूट. फुरसं, विंचू असतात तिकडे, सकाळी बूट झटकूनच घाला. साप चावला तर चिरणं-चोखणं-बांधणं काही नको, माणसाला हलू न देता सरळ १०८ ला फोन करा, रेंज नसेल तर गाडीत घालून राजूरच्या सरकारी दवाखान्यात, नाहीतर घोटीला.

आणि कचऱ्यासाठी दोन मोठ्या गोण्या न्या. गावात कचरा उचलणारी गाडी नाही, तुम्ही टेंटमागे टाकलेली बाटली पुढच्या पावसात धरणात जाते आणि तेच पाणी खालची गावं पितात. आम्ही सगळं बांधून डिकीत घालतो, नाशिकला आणतो आणि सोमवारी सकाळी घंटागाडीत टाकतो. टेंट पण त्याच दिवशी गच्चीवर उलटा करून वाळवा, ओला गुंडाळून ठेवला तर महिन्याभरात बुरशी धरतो.