ब्रूगेलचे ‘बर्फातील शिकारी’ कसे पाहावे

थोरल्या पीटर ब्रूगेलने १५६५ मध्ये ओकच्या फळीवर रंगवलेले हे तैलचित्र व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियममध्ये आहे. ते सुमारे १६२ सेंटिमीटर रुंद आहे. त्यामुळे मोबाइलवर त्यातील बारीक माणसे हरवतात. शक्य असल्यास मोठ्या पडद्यावर पाहावे आणि निदान अर्धा तास द्यावा.

सुरुवात डावीकडच्या तीन शिकाऱ्यांपासून करावी. ते आपल्याकडे पाठ करून चालले आहेत, पाय बर्फात रुतले आहेत, कुत्र्यांच्या माना खाली गेल्या आहेत. एकाच्या पाठीवरचा भाला नीट पाहिला, तर दिवसभराची कमाई म्हणून एकच कोल्हा लटकलेला दिसतो. शेजारी खाणावळीपुढे जाळ केला आहे. तिची पाटी एकाच कडीवर तिरकी लोंबते आहे आणि त्या पाटीवर हरिण आहे. पाटीवरचे हरिण आणि जवळजवळ रिकामे हात यांचे हे शेजारपण सहज निसटते, म्हणून तेथे थोडे थांबावे.

मग झाडांच्या बुंध्यांची रांग धरून उताराने खाली उतरावे. दरीवर पंख पसरलेला पक्षी आला की खालची जमीन किती खोल आहे, हे डोळ्याला कळते. बर्फ आणि आकाश यांचा हिरवट-करडा रंग जवळजवळ सारखाच असल्याने थंडी साऱ्या चित्रभर पसरते. खाली गोठलेल्या तळ्यांवर कोणी घसरत खेळतात, एक बाई दुसरीला घसरगाडीवरून ओढते. वरच्या पुलावरून मात्र कोणी काटक्यांची मोळी घेऊन चालले आहे, आणि गिरणीचे चाक बर्फाने जखडले आहे. माझ्या मते चित्राचा जीव येथेच आहे: खेळ आणि कष्ट एकाच थंडीत, एकाच नजरेने रंगवलेले आहेत.

मागचे सुळके नकाशावर शोधू नयेत. ब्रूगेलच्या सपाट नेदरलँड्समध्ये असे डोंगर नाहीत. इटलीच्या प्रवासात ब्रूगेलने आल्प्स पाहिले होते. अँटवर्पच्या निक्लास योंगेलिंक या व्यापाऱ्यासाठी त्याने वर्षाच्या ऋतूंची जी मालिका रंगवली, तिच्यातील हे एक चित्र असून आज पाच उरली आहेत.

यानंतर ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधील हेंड्रिक ॲव्हरकाम्प या डच चित्रकाराचे सुमारे १६०८ मधील गोठलेल्या कालव्याचे चित्र पाहावे. येथे वाट दाखवणारा शिकारी नाही. क्षितिज उंच ठेवल्याने सारी माणसे बर्फावर विखुरलेली दिसतात, त्यामुळे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सावकाश फिरावे. डावीकडे खाली काठीच्या आधाराने तिरके उभे केलेले जुने दार म्हणजे पक्ष्यांचा सापळा. ब्रूगेलच्या ब्रुसेल्समधील, १५६५ च्याच हिवाळी चित्रातही असाच सापळा आहे. ब्रूगेलच्या त्या सापळ्याच्या दोरीचा माग घराच्या भिंतीतील खिडकीपर्यंत घ्यावा.