पोकेमॉन क्रिस्टलचा सेल बदलताना सेव्ह कशी वाचवायची

काल सेव्ह केलेला खेळ आज मेन्यूत दिसत नाही, ‘कंटिन्यू’ गायब आणि फक्त ‘न्यू गेम’ उरलेला. गेम बॉय कलरवरच्या पोकेमॉन क्रिस्टल या खेळाच्या कॅसेटमधला बटन सेल संपल्याची ही खूण. ही आवृत्ती जपानमध्ये डिसेंबर 2000 मध्ये आणि अमेरिकेत जुलै 2001 मध्ये आली. त्यामुळे मूळ सेल अजून चालत असला तरी त्याच्यावर विसंबू नका.

यात एकच सेल दोन कामं करतो: सेव्हची मेमरी जिवंत ठेवणं आणि खेळातलं घड्याळ चालवणं. कॅसेट कपाटात पडून असली तरी घड्याळ चालूच असतं, म्हणून घड्याळ नसलेल्या जुन्या पोकेमॉन रेड-ब्लूच्या तुलनेत हा सेल लवकर संपतो. नंतरच्या पोकेमॉन एमरल्डची गोष्ट वेगळी. तिथे सेव्ह विजेशिवाय टिकणाऱ्या फ्लॅश मेमरीत असते आणि सीआर 1616 सेल फक्त घड्याळापुरता. तो संपला तरी सेव्ह राहते. क्रिस्टलमध्ये मात्र सेल काढला की सेव्ह गेली.

म्हणून कॅसेट अजून सेव्ह धरत असेल तर स्क्रूला हात लावण्याआधी तिची प्रत काढा. जीबीएक्सकार्ट आरडब्ल्यूसारखा कार्ट्रिज रीडर यूएसबीने संगणकाला जोडून फ्लॅशजीबीएक्स या प्रोग्रामने सेव्ह वाचता येते. इंग्रजी क्रिस्टलची सेव्ह 32 केबीची असते. दोनदा वाचा आणि दोन्ही फाइली जुळतात का ते बघा. न जुळल्यास कॅसेटच्या पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पुन्हा वाचा. मळलेल्या पिनांमुळे फाइल बिघडलेली येते. सेल काढायच्या आधी दुसरीकडून 3 व्होल्ट देऊन मेमरी जिवंत ठेवण्याची युक्तीही चालते, पण क्षणभर शॉर्ट झालं तरी सगळं पुसलं जातं. वर्षानुवर्षं जपलेला पोकेमॉनचा संघ असेल तर रीडरच घ्या.

सामान असं: 3.8 मिमीचा गेमबिट (कॅसेटचा खास स्क्रू उघडणारा बिट), टॅब म्हणजे धातूच्या पट्ट्या लावलेला सीआर 2025 सेल, सोल्डरिंग आयर्न, 60/40 सोल्डर, फ्लक्स (सोल्डर नीट पसरवणारं रसायन) आणि मल्टिमीटर. आयर्न, सोल्डर आणि फ्लक्स मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत मिळतील. गेमबिट बहुधा ऑनलाइन मागवावा लागेल. सीआर 2032 घेऊ नका: तो 3.2 मिमी जाड, 2025 अडीच मिमी. कव्हर घट्ट बसतं आणि बोर्डावर दाब येतो.

मागचा एकुलता एक स्क्रू काढा, कव्हरचा अर्धा भाग किंचित सरकवा आणि उचला. बोर्डावर ‘निन्टेन्डो’ छापलेलं नसेल तर ती नक्कल आहे. आतली मांडणी वेगळी असू शकते, तिथे पुढच्या पायऱ्या तशाच्या तशा लागू होतील असं धरू नका. आता जुन्या सेलचा फोटो काढा आणि + कुठल्या बाजूला आहे ते टिपून ठेवा.

टॅबवर फ्लक्स लावा, थोडं ताजं सोल्डर टाका आणि आयर्न साधारण 350 अंशांवर ठेवून टॅब उचला. सोल्डर पूर्ण वितळलं नसताना ओढलात तर बोर्डावरचा तांब्याचा पॅडच निघून येतो आणि मग तार जोडत बसावं लागतं. बहुतेक कॅसेटी इथेच बिघडतात. घाई नको. आयर्न सेलला कधीच टेकवू नका. गरम झालेला लिथियम सेल फुटू शकतो. टॅबशिवायचा सेल चिकटपट्टीने बसवण्याचा मोहही टाळा. कॅसेट हलली की संपर्क क्षणभर तुटतो आणि तेवढ्यात सेव्ह जाते.

नवा सेल + जुळवून लावा. टॅबांवर मल्टिमीटरने 3 व्होल्टच्या आसपास दिसलं पाहिजे. कव्हर बंद करून रीडरने जुनी सेव्ह परत लिहा, खेळ सुरू करून सेव्ह करा, बंद करा आणि रात्रभर ठेवून सकाळी बघा. लगेच तपासून समाधान मानू नका. कच्चा सांधा काही वेळाने दगा देतो.

घड्याळ चुकीचं असेल तर गेम वेळ पुन्हा लावायला सांगू शकतो. वार नीट बघून लावा, कारण खेळातल्या नॅशनल पार्कातली किडे पकडण्याची स्पर्धा मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी असते, आणि युनियन केव्हमधला लॅप्रस हा पोकेमॉन फक्त शुक्रवारी भेटतो.