मोठी आवृत्ती चढवण्याआधी

ब्लॉगचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांकडे किंवा इतरांचे ब्लॉग सांभाळणाऱ्या सेवेकडे नव्या आवृत्तीत काय नवीन आहे याची यादी केव्हाच तयार असते. इथली यादी उलटी आहे. काय बदलता कामा नये, ते तपासायचं. कुणीतरी दहा वर्षांपूर्वी लिहिलेली नोंद, तिचा पत्ता, तिची तारीख, तिच्याखालच्या प्रतिक्रिया, यातलं काहीच आपल्या मालकीचं नसतं, आणि अपडेटचा दणका बहुतेक वेळा त्यालाच बसतो.

सुरुवात बॅकअपपासून. इथे घाई नको. ‘बॅकअप रोज होतो’ हे उत्तर चालणार नाही. तो कोऱ्या सर्व्हरवर उतरवून साइट उघडली, लॉगिन झालं, जुनी चित्रं दिसली, एवढं पाहिल्यावरच या ओळीवर खूण करायची. जर्नलस्पेस नावाची ब्लॉगसेवा काही वर्षं नीट चालून 2009च्या सुरुवातीला बंद पडली ती याच ओळीवर. डेटाबेस पुसला गेला आणि बॅकअप म्हणून हाताशी होती ती फक्त रेडमधली, म्हणजे तोच डेटा एकाच वेळी दोन डिस्कवर लिहिणाऱ्या व्यवस्थेतली, जोडडिस्क. एका डिस्कवर जे पुसलं जातं ते दुसरीवरही लगेच पुसलं जातं. डिस्क बिघडली तर रेड वाचवतं, चुकीची आज्ञा गेली तर नाही. म्हणून एक प्रत वेगळ्या यंत्रावर, वेगळ्या खात्यात, वेगळ्या पासवर्डखाली हवी. डेटाबेससोबत चढवलेल्या फायली, थीम आणि कॉन्फिगरेशनही घ्या. हे तिन्ही नेमके विसरले जातात. चालू साइटवरून मायएसक्यूएलचा (ब्लॉगचा मजकूर साठवणाऱ्या डेटाबेस-सॉफ्टवेअरचा) डंप, म्हणजे पूर्ण प्रत, काढताना सगळं एकाच क्षणाचं घेणारा सिंगल ट्रान्झॅक्शनचा पर्याय द्या, नाहीतर नोंदी एका क्षणाच्या आणि प्रतिक्रिया दुसऱ्या क्षणाच्या अशी खिचडी हाती येते. आणि परत उतरवायला किती वेळ लागला ते लिहून ठेवा. ऐनवेळी मागे फिरायचं की नाही, हे त्या आकड्यावरच ठरतं.

मग डेटाबेसमधले बदल. मायएसक्यूएलमध्ये टेबलाची रचना बदलणारी आज्ञा स्वतःच कमिट होते, म्हणजे लगेच कायम होते. पाच बदलांपैकी तिसऱ्यावर गाडी अडली तर पहिले दोन आपोआप मागे घेतले जात नाहीत. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये मागे घेण्याची सोय आहे, पण बहुतेक ब्लॉगसॉफ्टवेअर मायएसक्यूएलवर उभं आहे. त्यामुळे या आवृत्तीत नवा रकाना फक्त जोडा, जुना तसाच राहू द्या आणि जुना कोड नव्या रचनेवर चालतो का ते तपासा. ही तालीम खऱ्या आकाराच्या प्रतीवर करा. दोनशे नोंदींच्या नमुन्यावर क्षणात होणारा बदल लाखो प्रतिक्रियांच्या टेबलावर साइट अडवून बसू शकतो.

पत्त्यांना माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ द्यावा. जुन्या साइटचे सगळे पत्ते एका फायलीत काढा, नव्या आवृत्तीवर एकेक उघडून पाहणारी स्क्रिप्ट लिहा आणि 404 (‘पान सापडलं नाही’) शून्य येईपर्यंत नव्या आवृत्तीची तारीख जाहीर करू नका. देवनागरी शीर्षकांकडे खास लक्ष हवं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-8 या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत 3 बाइट घेतं, पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याच्या खुणेसह 3 अक्षरांत लिहिला जातो, म्हणजे एका चिन्हाला 9 अक्षरं. वर्डप्रेस या ब्लॉगसॉफ्टवेअरमध्ये पत्त्याच्या शीर्षकावरून बनणाऱ्या तुकड्याला 200 अक्षरांची मर्यादा आहे. काना, मात्रा, वेलांटी हीसुद्धा वेगळी चिन्हं मोजली जात असल्यामुळे 22 चिन्हांत जागा संपते आणि शीर्षक मध्येच तुटतं. तुटलेला असला तरी तो पत्ता लोकांनी साठवलेला असतो. तेव्हा शीर्षकावरून पत्ता बनवण्याची पद्धत सुधारायची असेल तर फक्त नव्या नोंदींसाठी सुधारा; जुन्यांचे पत्ते पुन्हा ‘नीट’ काढण्याचा मोह टाळा. जिथे पत्ता बदलणं अटळच आहे तिथे जुन्या पत्त्यावरून नव्याकडे पाठवायला आधी 302 (तात्पुरतं) लावून पाहा, खात्री पटल्यावर 301 (कायमचं) करा. 301 ब्राउझर लक्षात ठेवतात, चुकीचा दिला तर तो त्यांच्याकडून काढून घेणं आपल्या हातात राहत नाही.

फीडमधल्या, म्हणजे वाचकांच्या ॲपना नव्या नोंदी कळवणाऱ्या फायलीतल्या, प्रत्येक नोंदीची ओळखखूण, आरएसएस प्रकारच्या फीडमध्ये जीयूआयडी आणि ॲटम प्रकारात आयडी, आधी होती तशीच अक्षरशः जुळली पाहिजे. ती बदलली की फीड वाचणाऱ्यांकडे जुन्या नोंदी नव्या म्हणून कोसळतात. याचंच भावंड म्हणजे ईमेल. मायग्रेशनमध्ये, म्हणजे जुना डेटा नव्या रचनेत नेताना, नोंदी पुन्हा साठवल्या जातात, सॉफ्टवेअरला वाटतं आत्ताच प्रकाशित झाल्या, आणि सगळ्या वर्गणीदारांना पत्रं सुटतात. मेलची रांग आधीच थांबवा, थांबली आहे हे डोळ्यांनी पाहा.

तपासणीसाठी ‘द्वाड’ नोंदींचा एक संच जमवून ठेवा: सर्वांत लांब नोंद, पासवर्ड लावलेली, पुढच्या आठवड्यासाठी वेळ लावलेली, खातं बंद केलेल्या लेखकाची, मेलेल्या व्हिडिओ-सेवेचा तुकडा असलेली. इमोजी असलेली तर हवीच. मायएसक्यूएलचा जुना यूटीएफ8 फक्त 3 बाइटपर्यंतची चिन्हं घेतो, बहुतेक इमोजींना 4 लागतात. देवनागरी सुखरूप दिसते म्हणून सगळं ठीक असं समजू नका. रचना 4 बाइटची चिन्हंही घेणारी यूटीएफ8एमबी4 करा. ‘अनावश्यक’ अदृश्य चिन्हं गाळणारं नवं फिल्टर आलं असेल तर जोडाक्षरं बिघडली नाहीत ना, तेही पाहा. वेळ लावलेली नोंद ठरल्या वेळी निघते का, सर्व्हरचा टाइमझोन बदलल्यावरही निघते का, हे एकदा थांबून पाहिलेलं बरं.

प्लगइन (जादा सोयी देणारे जोड-प्रोग्राम) आणि थीम बनवणाऱ्यांना चाचणी आवृत्ती काही आठवडे आधी द्या. सगळ्यांत जास्त वापरली जाणारी प्लगइन स्वतः तपासा, बाकीच्यांबद्दल आशा बाळगा. याहून जास्त कुणालाच जमत नाही.

अपडेट पोचवणारी यंत्रणाही तपासा. हे कलम मी मुद्दाम वेगळं ठेवतो. फेब्रुवारी 2018मध्ये वर्डप्रेसच्या 4.9.3 आवृत्तीत आपोआप अपडेट होण्याची सोयच बिघडली. दुसऱ्याच दिवशी 4.9.4 आली, पण ती आपोआप पोचणार कशी? साइटवाल्यांना स्वतः बटण दाबावं लागलं. तेव्हा नव्या आवृत्तीवरून पुढच्या एका खोट्या आवृत्तीवर जाऊन दाखवा, मगच शिक्का मारा.

सुरक्षेची दुरुस्ती या मोठ्या आवृत्तीत मिसळू नका. ती जुन्या आवृत्तीवरही वेगळी द्या, नाहीतर ज्यांना आत्ता बदल नको ते उघड्यावर पडतात.

चाचणी सर्व्हरवरची ‘सर्च इंजिनांनी येऊ नये’ ही खूण लाइव्ह साइटवर आली नाही ना? एक मिनिटाचं काम.

दिवस असा निवडा की दुसऱ्या दिवशी सगळे कामावर असतील. मागे फिरण्याचा निर्णय एकाच व्यक्तीकडे, आणि कशावर फिरायचं तो आकडा आधीच लिहिलेला. पहिल्या तासात 404, 500 (सर्व्हरची चूक) आणि नव्या प्रतिक्रियांची संख्या बघत राहा. प्रतिक्रिया एकदम शून्यावर आल्या तर फॉर्म तुटलाय. बॅकअप निदान महिनाभर पुसू नका, आणि जुना रकाना काढण्याचं काम पुढच्या आवृत्तीच्या यादीत लिहून ठेवा.