डायकास्ट लढाऊ विमाने हाताळताना या चुका टाळा

डायकास्ट म्हणजे साच्यात धातू ओतून केलेले मॉडेल. 1:72 प्रमाणातले, म्हणजे खऱ्या विमानाच्या 72 पट लहान, सुखोई-30 एमकेआय उचलले की आधी त्याचे वजन जाणवते, आणि तिथेच बहुतेक जण फसतात. एवढे जड आहे म्हणजे सगळे धातूचेच असणार, असे वाटते. जस्ताच्या मिश्रधातूचे असते ते मुख्यतः धड आणि पंख. नाकापुढची पिटो ट्यूब (वेग मोजणारी बारीक नळी), क्षेपणास्त्रे, अँटेना, कॅनोपी (वैमानिकाच्या डोक्यावरची पारदर्शक काच), चाकांची झाकणे हे सारे बारीक प्लॅस्टिक. धड जड असल्यामुळेच मॉडेल जरासे निसटले तरी सगळा भार या नाजूक भागांवर येतो. म्हणून ते शेपूट किंवा पंखाचे टोक धरून खोक्यातल्या ट्रेमधून ओढू नका. दोन्ही हात पोटाखाली, पंख जिथे धडाला मिळतात तिथे घाला. खाली जाड टॉवेल अंथरलेला असू द्या. उडालेले क्षेपणास्त्र फरशीवरून कपाटाखाली गेले की शोधून सापडत नाही.

सर्वांत जास्त मोडतोड होते ती लँडिंग गिअर, म्हणजे चाके आणि त्यांचे पाय, बसवताना. चाकांच्या जागेवरची बंद झाकणे काढायला लोक सुरी घालतात आणि कडेचा रंग खरवडतात. लाकडी टूथपिक पुरते. चाकांचा पाय भोकात जात नसेल, तर आधी सोबतच्या पत्रकावरचा भागाचा क्रमांक आणि डावी-उजवी बाजू तपासा. तरीही अडले तर समजा भोकात रंग साचला आहे किंवा पायाची भोकात जाणारी खुंटी किंचित जाड आहे. अशा वेळी 600 नंबरच्या पॉलिश पेपरने खुंटी थोडीशी घासायची, लावून बघायची, पुन्हा घासायची. अंगठ्याने दाबून बसवायला गेलात तर पाय मधोमध तुटणार.

वाकलेली पिटो ट्यूब किंवा क्षेपणास्त्र मात्र घरच्या घरी सरळ होते. सुटा होणारा भाग गरम पाण्यात, उकळत्या नव्हे, काही सेकंद धरा, बोटांनी सरळ करा आणि लगेच गार पाण्यात बुडवा. धडाला कायमचा जोडलेला असेल तर गरम पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा त्याला लावून धरा. हेअर ड्रायर जवळून मारू नका; धातू तापतो आणि आजूबाजूचे सांधे सैल होतात.

तुटलेला तुकडा पाहून हात फेविक्विककडे जातो. कॅनोपीच्या आसपास ते अजिबात नको. सुकताना त्याची वाफ पारदर्शक प्लॅस्टिकवर बसते आणि काच पांढुरकी होते. कॅनोपीसाठी साधा पांढरा फेविकॉल टूथपिकच्या टोकावर घ्या. तो सुकल्यावर पारदर्शक होतो आणि जास्तीचा ओल्या बोळ्याने पुसता येतो.

धूळ मऊ, कोरड्या कुंचल्याने झटकावी. नेलपॉलिश रिमूव्हर, थिनर यांनी डागाबरोबर स्क्वाड्रनचे चिन्हही निघून जाते.

आपल्याकडची खरी परीक्षा पावसाळ्यात, त्यातही कोकण-गोव्याच्या दमट हवेत. जुन्या खोक्यांतला फोम ओल धरतो, कुजतो आणि रंगाला चिकटतो. मॉडेल वर्षानुवर्षे फोममध्ये ठेवू नका. बंद कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि ठरावीक काळाने बदला. थेट ऊन पडेल अशी जागाही टाळा. रंगाखाली फुगे, केसासारख्या भेगा किंवा पंखांना बाक दिसला तर जस्ताला आतून कीड लागली असण्याची शक्यता असते. ओतताना जस्तात शिशासारखी अशुद्धी राहिली की हे घडते आणि दमट हवेत वाढते. त्यावर उपाय नाही, पण शेजारच्या मॉडेलला ती लागत नाही, त्यामुळे घाबरून संग्रह विकू नका.

खरेदीत प्रमाणाची गल्लत फार होते. 1:72 चे मिग-21 सुमारे 20 सेंटीमीटर लांब, तर 1:100 चे सुखोई सुमारे 22. शेजारी ठेवली की दोन्ही एकाच आकाराची वाटतात; खऱ्या विमानांच्या लांबीत सुमारे 7 मीटरचा फरक आहे. 1:72 चे सुखोई 30 सेंटीमीटरच्या पुढे जाते, तेव्हा शोकेस आधी मोजा.

आणि आवृत्ती पाहा. 1971 च्या युद्धात आपल्या हवाईदलाकडे बारीक पाठीचे मिग-21 एफएल होते. जाड पाठीचे मिग-21 बिस नंतर आले. त्यामुळे जाड पाठीच्या मॉडेलवर 1971 ची चिन्हे असतील तर ते घेऊ नये. सुखोईत कॉकपिटच्या मागचे छोटे पंख, म्हणजे कॅनार्ड, आहेत का ते बघा. नाशिकजवळ ओझरला बांधलेल्या एमकेआयला ते आहेत. पण 1997 मध्ये पुण्याच्या लोहगावला आलेल्या पहिल्या सुखोई-30 के विमानांना ते नव्हते, म्हणून भारतीय चिन्हांचे बिनकॅनार्डचे मॉडेल दिसले की लगेच नाकारू नका. विक्रेत्याकडून शेपटीवरचा क्रमांक स्पष्ट वाचता येईल असा फोटो मागवा, त्याच क्रमांकाच्या खऱ्या विमानाचा फोटो शोधा आणि दोन्ही जुळले तरच पैसे द्या.