दारावरचा वाद: आधी नीट उभं राहायला शिका

मुंबई-पुण्यात क्लबच्या दारावर बाउन्सर म्हणून नवीन लागलेली पोरं छाती काढून, हाताची घडी घालून उभी राहतात. फोटोत बरं दिसतं, पण घडी घातलेले हात वेळेवर सुटत नाहीत आणि समोरच्याला ते आव्हान वाटतं. थोडं तिरपं उभं राहा, हातभर अंतर ठेवा, तळवे उघडे, पोटाच्या उंचीवर.

आत सोडायचं नसेल तर नकार एकदाच द्या, हळू आवाजात, कारणासकट. महाराष्ट्रात बीअरला 21 आणि कडक दारूला 25 वर्षं पूर्ण लागतात, त्यामुळे वयावरून अडवलं तर "साहेब, नियम आहे, माझ्या हातात नाही" हे खरंच असतं. "ओळखतोस का मला?" याला उत्तर द्यायचंच नाही. माणूस बहुतेकदा मित्रांसमोर नाक कापलं जाऊ नये म्हणून अंगावर येतो. त्याला रांगेपासून चार पावलं बाजूला घ्या. मग टोळक्यातला सर्वांत शुद्धीत असलेला गाठा: "दादा, यांना रिक्षात बसवता का?" तो मित्र तुमच्या दंडांपेक्षा जास्त कामाचा.

बाईशी वाद असेल तर महिला सहकारी पुढे येऊ दे.

बाउन्सरला पोलिसांचे अधिकार नसतात. बळ फक्त बचावापुरतं; समोरचा मागे वळला की तुमचा हातही थांबला पाहिजे. प्रकरण हाताबाहेर जातंय असं दिसताच 112 लावा. आणि घरी जाण्याआधी वेळ, कपडे, कोण काय बोललं ते वहीत लिहा. सकाळी सगळ्यांच्याच आठवणी बदललेल्या असतात, तुमच्याही.