मॅचिंगच्या मर्यादेचा आकडा सगळ्यात शेवटी बघा

अमेरिकेतल्या टेक कंपनीची ऑफर हातात आली की आपली मुलंमुली पगार, शेअर्स, विमा, ग्रीनकार्डची प्रक्रिया हे सगळं कसून तपासतात. सवलतींच्या यादीत तळाला एक ओळ असते: तुम्ही एखाद्या संस्थेला देणगी दिलीत तर ठरलेल्या मर्यादेपर्यंत तेवढीच रक्कम कंपनीही देईल. यालाच मॅचिंग म्हणतात. ती ओळ वाचून बहुतेक जण पुढे जातात. ज्याला घरच्या वळणामुळे दरवर्षी कुठे ना कुठे देणगी द्यायची सवय आहे, त्याने तरी तिथे थांबायला हवं. तुम्ही हजार डॉलर देणारच असाल तर संस्थेला दोन हजार मिळतात, आणि त्यासाठी लागतो फक्त एक फॉर्म. नव्याने आलेल्या अनेकांना तो फॉर्म भरायला मी मदत करत आले आहे, त्यातून जे कळलं ते इथे मांडते.

दोन ऑफर शेजारी ठेवल्या की पहिली नजर वार्षिक मर्यादेवर जाते. मायक्रोसॉफ्ट अमेरिकेतल्या कर्मचाऱ्यामागे वर्षाला १५,००० डॉलरपर्यंत देते. ॲपलने २०११ मध्ये टिम कुक सूत्रं हाती घेताच हा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा मर्यादा १०,००० डॉलर ठेवली. गूगलने मार्च २०२०मध्ये, कोविडच्या सुरुवातीला, आपली मर्यादा ७,५००वरून १०,०००वर नेली. आकडे मोठे आहेत, पण नोकरीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षात घरभाडं आणि शैक्षणिक कर्ज फेडत असताना दहा हजारांची देणगी कितीजण देणार? तुम्ही दोन हजार देणार असाल तर दहा आणि पंधरा हजारांतला फरक तुमच्यापुरता शून्य. म्हणून मी सगळ्यांना सांगते, मर्यादा शेवटी बघा. आधी बघा की तुम्हाला जिथे पैसे द्यायचेत ती संस्था कंपनीच्या नियमांत बसते का.

आपल्या लोकांची अडचण नेमकी तिथेच होते. आईवडिलांच्या ओळखीतली शाळा, तालुक्याचं वाचनालय, एखादा आदिवासी भागातला दवाखाना, अशा ठिकाणी आपल्याला पैसे द्यायचे असतात. तिथल्या ट्रस्टच्या खात्यात थेट पैसे पाठवले तर अमेरिकेत त्याची करसवलत नाही आणि इथल्या कंपनीचं मॅचिंगही सहसा नाही. मॅच मिळायला संस्था अमेरिकेत सहसा ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्था, म्हणून नोंदलेली लागते. त्यामुळे मधला दुवा शोधावा लागतो. महाराष्ट्र फाउंडेशन, आशा फॉर एज्युकेशन, प्रथम यूएसए, अक्षयपात्रची अमेरिकेतली शाखा या संस्था हेच काम करतात: इथे देणगी घेतात आणि भारतातल्या कामापर्यंत पोचवतात. तुमच्या मनातल्या संस्थेला यांच्यापैकी कुणाकडून मदत जाते का, हे त्या संस्थेलाच विचारा. शिवाय त्या संस्थेकडे परकीय देणगी घेण्याची, म्हणजे एफसीआरएची, नोंदणी आहे का हेही विचारा. २०२० सालच्या दुरुस्तीनंतर असा पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो, आणि भारतातल्या एका संस्थेने घेतलेली परकीय देणगी तिथल्या दुसऱ्या संस्थेला वळवता येत नाही. 'मोठ्या ट्रस्टला द्या, ते आमच्याकडे पाठवतील' असं गावाकडून कुणी सांगितलं तर तो मार्ग आता बंद आहे.

फॉर्म भरताना काय होतं ते जवळून सांगते. बऱ्याच मोठ्या कंपन्या देणग्या आणि मॅचिंगसाठी बेनेव्हिटीसारखं पोर्टल वापरतात. शोधाच्या चौकटीत संस्थेचं नाव टाकलं की सारख्या नावांची रांग उभी राहते, आणि त्यातल्या काहींचा आपल्या संस्थेशी काडीचाही संबंध नसतो. नावावर विसंबू नका. संस्थेकडून नऊ अंकी ईआयएन, म्हणजे अमेरिकी करखात्याने दिलेला ओळख क्रमांक, मागून घ्या आणि तोच चौकटीत टाका. पुढचा रकाना बहुतेकजण रिकामा सोडतात, तो म्हणजे देणगी कशासाठी आहे याची नोंद. अनेक शाखा किंवा अनेक प्रकल्प असलेल्या संस्थेत ती नोंद नसली तर पैसे सर्वसाधारण निधीत जमा होतात. शाखेचं आणि प्रकल्पाचं नाव तिथे स्पष्ट लिहा, आणि संस्थेच्या खजिनदाराला एक ईमेलही टाका. पोर्टलमधून येणारी रक्कम त्यांच्याकडे अनेक देणगीदारांची एकत्र येते, त्यामुळे तुमच्या ईमेलमुळे त्यांचा ताळा बसतो. शक्य असेल तर पैसे पगारातून कापून घ्या, कारण क्रेडिट कार्डाने दिले की त्याचं शुल्क देणगीतून जातं.

काय बसत नाही, हेही नवख्याला माहीत हवं. ज्याच्या बदल्यात तुम्हाला काही मिळतं ती देणगी नव्हे, म्हणून मंडळाची वर्गणी, दिवाळीच्या कार्यक्रमाचं तिकीट, मुलाची मराठी शाळेची फी यांवर मॅच मागू नका. गणेशोत्सवासाठी मंदिराला दिलेल्या पैशांबाबत कंपन्यांचे नियम वेगवेगळे आहेत. निव्वळ धार्मिक कामाला अनेक ठिकाणी नकार मिळतो, पण त्याच मंदिराचं अन्नछत्र सगळ्यांसाठी खुलं असेल तर त्याला होकार मिळू शकतो. कॉलेजं आणि विद्यापीठं मात्र जवळपास सगळीकडे चालतात. त्याला इतिहास आहे: १९५४ साली जनरल इलेक्ट्रिकने ही प्रथा सुरू केली ती कर्मचाऱ्यांनी आपापल्या कॉलेजला दिलेल्या देणग्यांपासूनच.

आता माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याचा भाग. मायक्रोसॉफ्ट आणि ॲपल तुमच्या स्वयंसेवेचेही पैसे देतात, तासाला २५ डॉलर, आणि ते तुम्हाला नाही तर संस्थेला. हाताशी पैसा कमी पण वेळ आहे अशा नवख्यासाठी यासारखी सोय नाही. मी रविवारी मराठी शाळेत शिकवते. शाळा किंवा तिचं मंडळ ५०१(सी)(३) असेल आणि शिक्षक मानधन घेत नसेल तर हे तास नोंदवता येतात. हिशोब करून बघा: वर्षाला तीस रविवार, दर रविवारी दोन तास, म्हणजे साठ तास, म्हणजे एका शिक्षकामागे शाळेला १,५०० डॉलर. तेवढ्यात वर्गाचं भाडं आणि पुस्तकांचा खर्च यांचा मोठा भाग निघतो. तरीही कितीतरी शिक्षक वर्षानुवर्षं शिकवतात आणि एकही तास नोंदवत नाहीत, कारण आपण केलेल्या सेवेचा हिशोब मांडायचा त्यांना संकोच वाटतो. तो संकोच कृपा करून सोडा, त्यात नुकसान शाळेचं होतं. नोंद दर रविवारी घरी आल्यावर लगेच करा, डिसेंबरात सगळे तास आठवत बसू नका. सेल्सफोर्सची रीत जरा वेगळी आहे. १९९९मध्ये कंपनी निघाली तेव्हापासून त्यांचं १-१-१चं सूत्र आहे, म्हणजे भागभांडवल, उत्पादन आणि कर्मचाऱ्यांचा वेळ यांतला एकेक टक्का समाजासाठी, आणि कर्मचाऱ्याला स्वयंसेवेसाठी वर्षाला सात दिवसांची पगारी रजा मिळते. तुमचं काम आठवड्याच्या मधल्या दिवशी करण्यासारखं असेल, सरकारी शाळेत शिकवणं वगैरे, तर मला ही रजा मोठ्या मर्यादेपेक्षा मोलाची वाटते.

आयटी सेवा कंपनीमार्फत क्लायंटच्या ऑफिसात बसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा की क्लायंटचं मॅचिंग तुम्हाला लागू नाही. तुमच्या बॅजचा रंग वेगळा आहे तसे नियमही वेगळे. आपल्या मूळ कंपनीच्या एचआरला विचारा.

वेळेचंही भान हवं. काही ठिकाणी मॅचची मागणी ३१ डिसेंबरपर्यंतच करावी लागते, काही ठिकाणी पुढल्या वर्षी थोडी मुदत मिळते. अनेक कंपन्यांत मागणी मंजूर होताना तुम्ही नोकरीत असणं आवश्यक असतं. मी पूर्वी जिथे होते तिथे मॅचिंगचा एकूण निधी ठरलेला होता आणि एका वर्षी तो ऑक्टोबरातच संपला. वर्षअखेरची वाट बघणाऱ्या सगळ्यांची मागणी परत आली, आणि ज्या संस्थांनी ते पैसे अंदाजपत्रकात धरले होते त्यांची पंचाईत झाली. तेव्हापासून मी वर्षाच्या पहिल्या तिमाहीत निम्मी देणगी देऊन टाकते. रिक्रुटरला हा प्रश्न जरूर विचारा: निधीला एकूण मर्यादा आहे का, आणि ती कधी संपली होती का?

कराबद्दल थोडंसं. सवलत फक्त तुमच्या खिशातून गेलेल्या रकमेवर मिळते, कंपनीच्या वाट्यावर नाही, आणि तो वाटा तुमचं उत्पन्नही धरला जात नाही. २५० डॉलर किंवा जास्त दिलेत तर संस्थेची लेखी पोच जपून ठेवा. २०२६पासून स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे खर्चांची यादी न देता मिळणारी सरसकट वजावट, घेणाऱ्यालाही रोख देणगीवर एकट्याला १,००० आणि जोडप्याला २,००० डॉलरपर्यंत वजावट आहे. नवख्यांपैकी बहुतेकजण स्टँडर्ड डिडक्शनच घेतात, म्हणून हा बदल त्यांच्या कामाचा. वर्षभराहून जुने, भाव चढलेले शेअर थेट संस्थेला दिले तर त्यावरचा भांडवली नफ्याचा कर वाचतो, पण कंपनी शेअरच्या देणगीला मॅच देते का हे आधी बघा. डोनर ॲडव्हाइज्ड फंडात, म्हणजे पुढे सवडीने संस्थांना वाटण्यासाठी देणगी बाजूला ठेवायच्या खात्यात, टाकलेल्या पैशाला सहसा मॅच नसतो.

आणि पुढे पुण्याच्या किंवा हैदराबादच्या ऑफिसात बदली होणार असेल तर सगळं नव्याने तपासा. तिथली मर्यादा, पोर्टलवरच्या संस्था, नियम वेगळे असू शकतात. तिथे देणगीवरच्या करवजावटीसाठी (८०जी) पावती आणि संस्थेकडून देणगीचं प्रमाणपत्र लागतं. नवीन करप्रणाली निवडली असेल तर ८०जीची वजावट मिळत नाही, पण कंपनीचा मॅच करप्रणाली बघून ठरत नाही, तो मागायचाच.